बटाटा, बैदा आणि एकच आच

अशी कल्पना करा की लेबनन देशातला तुमच्याच वयाचा एक मुलगा कोल्हापुरात तुमच्या घरी पाहुणा म्हणून आला आहे. त्याला मराठी येत नाही आणि तुम्हाला अरबी येत नाही. रात्रीच्या जेवणाची वेळ झाली. काय खाणार, असे तुमच्या आईने त्याला खुणेनेच विचारले. पाहुणा म्हणाला, ‘बताता व बैद!’

आता सांगा, दुभाषा शोधायची काही गरज आहे का? ‘बताता’ म्हणजे आपला बटाटा. ‘व’ म्हणजे आपलाच व, म्हणजे आणि. राहिला ‘बैद’. तुमच्या आजोबांना विचारा. अंड्याला ‘बैदा’ म्हणणारी माणसे त्यांनी नक्की पाहिली असतील, आणि मुंबईत ‘बैदा रोटी’ तर आजही मिळते. हा बैदा मूळचा अरबीच. म्हणजे पाहुण्याने मागितले बटाटा व अंडी.

लेबनन, सीरिया, पॅलेस्टाईन या भागांत हा घरोघरी होणारा साधा पदार्थ आहे. बटाट्याचे लहान लहान चौकोनी तुकडे करायचे, ते ऑलिव्हच्या तेलात कांद्याबरोबर परतून मऊ करायचे, वर अंडी फोडून घालायची, मीठ-मिरपूड टाकून हलवायचे आणि ‘खुब्ज’ नावाच्या पोळीसारख्या रोटीबरोबर खायचे. याला तिकडे ‘मुफर्रका’ असेही म्हणतात. चोळणे, कुस्करणे या अर्थाच्या अरबी धातूपासून हे नाव आले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर ही बटाट्याची अंडाभुर्जीच झाली.

पदार्थ साधा खरा. पण त्यात एक कोडे दडलेले आहे. कच्चा बटाटा असतो कडक. आचेवर ठेवला की मऊ होतो. कच्चे अंडे असते पातळ. आचेवर ठेवले की घट्ट होते. कढई एक, आच एक, तेल एक. मग एकाला मऊ आणि दुसऱ्याला घट्ट असा उलटा न्याय का?

या कोड्याच्या मागे लागण्याआधी बटाट्याचे मूळ गाव पाहू.

अमेरिकेहून आलेले पाहुणे

बटाटा ना आपला, ना अरबांचा. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या परिसरात आहे. तेथील लोक हजारो वर्षांपासून त्याची लागवड करीत आले आहेत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पुढे युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर तो जगभर पसरला. तेथील लोक त्याला ‘पापा’ म्हणत. ‘बटाटा’ हे नाव कॅरिबियन बेटांवरच्या लोकांनी रताळ्याला दिलेले होते. युरोपीयांनी दोन कंदांची नावे एकमेकांत मिसळली. पोर्तुगीजांच्या तोंडचा ‘बटाटा’ पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि मराठीत स्थिरावला. उत्तरेत मात्र त्याला ‘आलू’ म्हणू लागले. युरोपातूनच हा शब्द अरबीतही गेला. म्हणून लेबननचा मुलगा आणि कोल्हापूरचा मुलगा एकच शब्द बोलतात.

कोल्हापूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मिरची आणि टोमॅटो हेही अमेरिकेहूनच आले. म्हणजे आपला तांबडा रस्सा ज्या मिरचीने तांबडा होतो, ती पाचशे वर्षांपूर्वी येथे कोणी पाहिलीही नव्हती!

बटाटा मऊ का होतो?

बटाट्याचे शंभर भाग केले, तर त्यांतले सुमारे ऐंशी भाग पाणीच असते. उरलेल्यात बहुतेक स्टार्च, म्हणजे पिष्ट. मग एवढे पाणी असून बटाटा कडक कसा? कारण ते पाणी लक्षावधी बारीक पेशींच्या कोठड्यांत कोंडलेले असते. एका कोठडीची भिंत दुसरीला ‘पेक्टिन’ नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटलेली असते. पेरूच्या जेलीला घट्टपणा येतो तो याच पेक्टिनमुळे. विटा आणि चुना यांनी भिंत उभी राहावी, तसा पेशी आणि पेक्टिन यांनी बटाटा उभा राहतो.

बटाटा तापू लागला की प्रथम पेशींमधले पिष्टाचे कण जागे होतात. सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानाला ते आसपासचे पाणी पिऊन फुगतात. खळ शिजवताना पातळ पाणी एकदम दाट होते ना, तोच हा प्रकार. पण एवढ्याने बटाटा मऊ होत नाही. तापमान ८० अंशांच्या वर गेले म्हणजे पेक्टिनचा चुना विरघळू लागतो, पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि बटाटा बोटाने दाबला तरी कुस्करतो. म्हणजे बटाट्याला दोन गोष्टी लागतात: बरीच उष्णता आणि बराच वेळ.

येथे एक गमतीची गोष्ट सांगतो. बटाटे उकडताना मध्येच गॅस संपला आणि ते कोमट पाण्यात तसेच पडून राहिले, तर दुसरे सिलिंडर आणल्यावर ते लवकर मऊ होत नाहीत. सुमारे ६० ते ७० अंशांना बटाट्यातले एक एन्झाइम पेक्टिनमध्ये बदल घडवते आणि मग कॅल्शियमच्या मदतीने तो चुना उलट अधिक पक्का होतो.

आता तुम्ही म्हणाल, पाणी तर १०० अंशांना उकळते. मग अडचण कसली? पण कोल्हापुरात ते १०० अंशांना उकळत नाही! समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर वर गेले की हवेचा दाब कमी झाल्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. म्हणून आपल्याकडचे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळू लागते. पन्हाळ्यावर ते त्याहून थोडे आधी आणि महाबळेश्वरला आणखी आधी उकळते. आच कितीही वाढवा, उघड्या पातेल्यातले पाणी याच्या वर तापत नाही. नुसती वाफ अधिक होते आणि गॅस वाया जातो. प्रेशर कुकरमध्ये मात्र दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या जवळपास जाते आणि बटाटे झटपट शिजतात.

अंडे घट्ट का होते?

अंड्याच्या पांढऱ्या भागात बटाट्याहूनही जास्त पाणी असते, जवळजवळ ८८ टक्के. उरलेल्यात बहुतेक प्रथिने. प्रथिनाचा एकेक रेणू म्हणजे एक लांब साखळी. कच्च्या अंड्यात ही प्रत्येक साखळी लोकरीच्या गुंड्यासारखी नीट गुंडाळलेली असते. असे असंख्य गुंडे पाण्यात सुटे तरंगत असतात, म्हणून अंडे पातळ असते.

उष्णता मिळाली की रेणूंची हालचाल वाढते आणि गुंडे उलगडू लागतात. मोकळी झालेली टोके शेजारच्या साखळीत अडकतात, ती आणखी तिसरीत. पाहता पाहता सगळ्यांचे मिळून एक जाळे तयार होते आणि पाणी त्या जाळ्यात कोंडले जाते. पाणी कुठे गेलेले नसते, ते तेथेच असते. फक्त त्याला वाहता येत नाही. यालाच आपण अंडे घट्ट झाले असे म्हणतो. आरपार दिसणारा भाग पांढरा दिसू लागतो तोही या जाळ्यामुळेच, कारण त्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो.

हे सर्व घडायला फारशी उष्णता लागत नाही. पांढरा भाग सुमारे ६२ अंशांपासून घट्ट होऊ लागतो. पिवळा बलक ६५ च्या आसपास दाट होतो आणि ७० ला बसतो. पांढऱ्यातले मुख्य प्रथिन ओव्हाल्ब्युमिन. ते ८० अंशांच्या सुमारास आवळते. त्याच्या पुढे आच देत राहिलात तर जाळे आणखी आवळत जाते आणि कोंडलेले पाणी पिळून बाहेर टाकते. भुर्जीला पाणी सुटते आणि अंडे रबरासारखे लागते, ते यामुळे. फार वेळ उकडलेल्या अंड्यात बलकाभोवती हिरवट कडे दिसते, तेही जादा उष्णतेचेच लक्षण. पांढऱ्यातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड वायू बलकातल्या लोहाशी संयोग पावतो आणि लोहाचे सल्फाइड तयार होते. ते खाल्ल्याने अपाय होत नाही.

थिजलेले तूप तापवले तर वितळते आणि गार झाले की पुन्हा थिजते. अंडे मात्र गार केल्याने परत पातळ होत नाही. २०१५ साली अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी उकडलेल्या पांढऱ्यातले एक प्रथिन यूरियाच्या द्रावणात विरघळवून, वेगाने फिरणाऱ्या नळीत ताणून, पुन्हा मूळच्या गुंडीत आणून दाखवले. त्याचा उपयोग प्रयोगशाळेत प्रथिने तयार करताना होऊ शकतो. तुमच्या ताटातले उकडलेले अंडे मात्र उकडलेलेच राहणार.

म्हणजे आपले कोडे सुटले. उष्णता दोन्ही ठिकाणी बांधणीच बदलते. बटाट्यात होती ती बांधणी सुटते; अंड्यात नव्हती ती बांधणी तयार होते.

आधी कोण, नंतर कोण?

आता त्या लेबननच्या मुलाच्या आईकडे पाहू. ती बटाटा आणि अंडी एकदम कढईत का घालत नाही? बटाट्याला ८० अंशांच्या वर दहा-पंधरा मिनिटे लागतात. अंड्याला ७०-८० अंशांना एखादे मिनिट पुरते. दोन्ही एकदम घातली तर बटाटा कच्चा आणि अंडे रबर! म्हणून आधी बटाटा, मग आच मंद करून अंडी. तिने हे पुस्तकात वाचलेले नसेल, पण तिच्या हाताला हे विज्ञान ठाऊक आहे.

ती बटाट्याचे तुकडे लहान का करते, यालाही कारण आहे. उष्णता बाहेरून आत हळूहळू शिरते. तुकड्याची जाडी दुप्पट केली, तर मध्यभाग तापायला दुप्पट नव्हे, साधारण चौपट वेळ लागतो. म्हणजे एक सेंटिमीटरची फोड पाच मिनिटांत शिजत असेल, तर दोन सेंटिमीटरच्या फोडीला वीस मिनिटे हवीत. सुरी चार वेळा जास्त चालवली तर इंधनाची केवढी बचत होते पाहा.

तेलात परतल्यावर बटाट्याला खरपूस तांबूस रंग येतो. तेल पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापते. सुमारे १४० अंशांच्या पुढे बटाट्याच्या पृष्ठभागावरची शर्करा आणि ॲमिनो आम्ले यांच्यात क्रिया वेगाने होऊन रंग आणि सुवास तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला मेयार क्रिया म्हणतात. रश्श्यातला बटाटा तासभर उकळला तरी तांबूस होत नाही, कारण पाणी त्याला ९८ अंशांच्या वर जाऊच देत नाही.

आणि रश्श्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्या घरचेही उदाहरण घेऊ. खाणारी तोंडे जास्त आणि अंडी थोडी असली की अंड्याच्या रश्श्यात बटाट्याच्या फोडी पडतात. कांदा-लसूण चटणीची फोडणी, वाटण, पाणी; त्यात आधी बटाटा, आणि तो शिजला की उकळत्या रश्श्यात अंडी अलगद फोडून सोडायची. क्रम तोच! समुद्रापलीकडे आणि पंचगंगेकाठी वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत माणसे एकाच उत्तरावर आली.

जाणत्या बायका आणखी एक काळजी घेतात. बटाटा मऊ झाल्याशिवाय त्या रश्श्यात चिंच किंवा टोमॅटो घालीत नाहीत. आंबटात बटाटा शिजत नाही, असे त्या सांगतात, आणि ते अगदी खरे आहे. आम्लामुळे पेक्टिन लवकर विरघळत नाही. गंमत म्हणजे अंड्याचे येथेही उलटेच! आम्ल असले तर प्रथिनांचे रेणू एकमेकांजवळ यायला सोपे जाते आणि अंडे लवकर बसते. बटाट्याला नको असलेला टोमॅटो अंड्याच्या मदतीला येतो.

स्वतः करून पाहा

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, प्रयोग करा. मात्र चुलीजवळ घरातले मोठे माणूस हवे.

पहिला प्रयोग : एकाच बटाट्याच्या सारख्या मापाच्या दहा फोडी करा. दोन लहान पातेल्यांत सारखे पाणी घ्या. एकात दोन चमचे लिंबाचा रस घाला. दोन्हींत पाच-पाच फोडी टाकून सारख्या आचेवर उकळत ठेवा. दर पाच मिनिटांनी दोन्हींतली एकेक फोड काढून टाचणी किंवा काटा टोचून पाहा आणि वहीत नोंद करा. कोणत्या पातेल्यातली फोड आधी मऊ झाली?

दुसरा प्रयोग : दोन वाट्यांत थोडे थोडे कच्च्या अंड्याचे पांढरे घ्या. एकीत चमचाभर लिंबाचा रस घालून हलवा. दुसरी तशीच ठेवा. थोड्या वेळाने दोन्हींचा रंग पाहा. आच न लावताही काय झाले? नंतर ते टाकून द्या आणि हात साबणाने स्वच्छ धुवा.

तिसरा प्रयोग : एक, दोन आणि तीन सेंटिमीटर बाजूच्या फोडी एकाच पातेल्यात उकळा. प्रत्येक आकाराच्या चार-पाच फोडी असू द्या, म्हणजे टोचून पाहता येईल. आतपर्यंत मऊ व्हायला प्रत्येकीला किती वेळ लागला त्याचा आलेख काढा. रेषा सरळ येते की वर वळते?

पोटात गेल्यावर काय होते?

येथपर्यंत बटाटा आणि अंडे यांचे एकमेकांशी उलटे वागणेच आपण पाहिले. पण पोटात गेल्यावर या दोघांचे फार चांगले जमते.

आपले शरीर प्रथिने वापरते ती त्यांचे तुकडे करून. या तुकड्यांना ॲमिनो आम्ले म्हणतात. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. एक जरी कमी पडले तरी बाकीच्यांचा पुरा उपयोग होत नाही. भिंत बांधताना विटा खूप आणि चुना थोडा असेल, तर काम चुन्यापाशीच अडते, तसे. बटाट्यात प्रथिने फार नसतात, पण आहेत ती चांगल्या दर्जाची असतात; फक्त गंधक असलेली ॲमिनो आम्ले थोडी कमी पडतात. अंड्यात नेमकी तीच भरपूर असतात.

जर्मनीतील डॉर्टमुंड येथे माक्स प्लांक संस्थेत कोफ्रानी, येकाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात याची प्रत्यक्ष माणसांवर परीक्षा केली. स्वयंसेवकांना मोजून मापून अन्न द्यायचे आणि शरीरातील नायट्रोजनचा जमाखर्च तोलण्यासाठी कमीत कमी किती प्रथिन पुरते ते पाहायचे, अशी पद्धत होती. अंड्याच्या प्रथिनाचे मूल्य त्यांनी १०० धरले. मग निरनिराळी मिश्रणे तपासली. सर्वांत वरचढ ठरले ते अंडे आणि बटाटा यांचे मिश्रण! एकूण प्रथिनांपैकी ३५ टक्के अंड्याचे आणि ६५ टक्के बटाट्याचे असताना मूल्य १३६ च्या आसपास गेले. नुसत्या अंड्यापेक्षा सुमारे पाव हिस्सा कमी प्रथिनात शरीराचे भागले.

आता हिशोब तुम्हीच करा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिन असते. ते ३५ टक्के धरले, तर उरलेले ६५ टक्के म्हणजे सुमारे ११ ग्रॅम बटाट्यातून यायला हवे. १०० ग्रॅम बटाट्यात साधारण २ ग्रॅम प्रथिन असते. म्हणजे एका अंड्याला जवळजवळ साडेपाचशे ग्रॅम बटाटे! अर्थात म्हणून कोणी रोज अर्धा किलो बटाटे खाऊ नयेत. वाढत्या वयात डाळ, दूध, पालेभाज्या, फळे हे सर्व हवेच. पण थोड्या अंड्यांत जास्त बटाटा घालणारी गृहिणी पदार्थ नुसता वाढवत नसते, हे यावरून कळते. अंडे थोडे असले तरी बटाट्याच्या सोबतीने त्याचा पुरेपूर उपयोग होतो.

अंडे न खाणाऱ्यांनी निराश होऊ नये. त्याच संशोधकांनी मका आणि घेवड्याच्या दाण्यांचे मिश्रणही तपासले होते. तृणधान्यात लायसीन हे ॲमिनो आम्ल कमी असते, ते कडधान्यात भरपूर असते. कडधान्यात गंधकयुक्त ॲमिनो आम्ले कमी असतात, ती तृणधान्य पुरवते. आपली भाकरी आणि पिठले, भात आणि आमटी या जोड्या याच नियमाने चालतात.

हा प्रश्न नुसता पुस्तकातला नाही. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि ते न खाणाऱ्यांना केळे, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधी थांबवण्यात आला आणि अंडी द्यायची तर लोकसहभागातून द्यावीत असे ठरले. एका अंड्याची किंमत काही रुपयेच. पण शाळेतल्या मुलांच्या संख्येने तिला गुणा, म्हणजे हा खर्च केवढा होतो ते कळेल. आपल्या शाळेत आठवड्याला किती अंडी लागतील, त्यांना किती खर्च येईल आणि थोड्या अंड्यांबरोबर बटाटा, डाळ, भात यांची कोणती जोडी बसवता येईल, याचे कोष्टक तुमच्या वर्गाने जरूर तयार करावे आणि गुरुजींना दाखवावे. गणित आणि विज्ञान दोन्ही त्यात आहेत.

आणि हो, तो लेबननचा पाहुणा अजून पाटावर बसून आहे. त्याच्यासाठी चार बटाट्यांच्या बारीक फोडी करा, कांद्याबरोबर परता, झाकण ठेवून मऊ होऊ द्या, मग आच मंद करून दोन अंडी फोडा आणि मिनिटभरात उतरवा. सोबत भाकरी द्या. वर चिमूटभर कांदा-लसूण चटणी घालायची की नाही, ते मात्र त्यालाच विचारा!